कचऱ्याचा देशपातळीवरचा आकडा गल्लीतून नीट कसा गोळा करायचा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२०-२१ चा घनकचऱ्याचा वार्षिक रिपोर्ट बघा. देशात रोज १,६०,०३८.९ टन कचरा तयार होतो, १,५२,७४९.५ टन उचलला जातो, ७९,९५६.३ टनांवर प्रक्रिया होते, २९,४२७.२ टन लँडफिलला, म्हणजे कचरा पुरायच्या जागेवर, जातो. आता प्रक्रिया आणि लँडफिल दोन्ही एकूणातून वजा केलं की उरतात ५०,६५५.४ टन, म्हणजे ३१.७ टक्के, आणि हे कुठे गेलं त्याचा हिशोबच लागत नाही. रोजच्या रोज. जवळजवळ एक तृतीयांश कचरा कागदावरून गायब, आणि ह्याच कागदावर पुढची धोरणं, निधी, प्लांटची टेंडरं उभी राहतात.

त्याच रिपोर्टमध्ये दरडोई कचरा दिलाय रोज ११९.०७ ग्रॅम. कॅल्क्युलेटर काढा आणि वरच्या टनांना ह्याने भागा, साधारण १३४ कोटी येतात. म्हणजे भागाकार अख्ख्या देशाच्या लोकसंख्येने केलाय, आणि टन मात्र आलेत मुख्यतः शहरांच्या नगरपालिका-महापालिकांकडून. खेड्यातली माणसं भाजकात आहेत पण त्यांचा कचरा भाज्यात नाही. केंद्राच्याच घनकचरा मॅन्युअलमध्ये छोट्या शहरांना दरडोई २०० ते ३०० ग्रॅम आणि १० लाखांवरच्या शहरांना ४०० ते ६०० ग्रॅम धरलेत, त्यामुळे ११९ हा आकडा कुठल्याच गावाशी जुळत नाही. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी नेचर ह्या विज्ञान नियतकालिकात जो प्लास्टिक प्रदूषणाचा अभ्यास छापला, ज्यात भारताचं नाव सगळ्यात वर आलं आणि आपल्याकडे बराच वाद झाला, त्यातही हेच म्हटलं होतं की भारताचे सरकारी आकडे कमी धरलेले आहेत कारण त्यात ग्रामीण भाग नाही, उघड्यावर जाळला जाणारा कचरा नाही आणि भंगारवाल्यांकडे जाणारा माल नाही. त्यांचा निष्कर्ष मान्य करा किंवा करू नका, पण त्यावर उत्तर द्यायला आपल्याकडे स्वतःचे मोजलेले आकडे लागतात, आणि ते गल्लीत, काट्यावर, गोणीत तयार होतात, दिल्लीत नाही. म्हणून हे लिहितोय, नगरपरिषदेतले आरोग्य निरीक्षक, ग्रामपंचायतीत काम करणारे, संस्थावाले, पर्यावरण शिकणारी पोरं ह्यांच्यासाठी.

आधी ठरवा की आकडा कशासाठी हवाय

ही पायरी सगळेच जण सोडून देतात आणि थेट फॉर्म भरायला बसतात. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डॅनिश तंत्रज्ञानाने कचरा जाळून वीज बनवायचा प्लांट उभा राहिला, रोजचे ३०० टन जाळून ३.७५ मेगावॅट वीज मिळणार होती. प्लांटला कचऱ्यात किलोमागे १,४०० किलोकॅलरीच्या वर उष्मांक हवा होता, प्रत्यक्षात आला त्याच्या निम्म्याच्या आसपास, कारण आपला कचरा ओला, त्यात माती-राख भरपूर आणि कागद-प्लास्टिक आधीच वेचलेलं. थोडे दिवस चाचणी झाली आणि प्लांट बंद. तिथे "किती टन" ह्या प्रश्नाचं उत्तर होतं, "कसला कचरा, किती ओला" ह्याचं नव्हतं.

म्हणून कागदावर आधी निर्णय लिहा. गाड्या किती घ्यायच्या हे ठरवायचं असेल तर प्रभागवार टन आणि घनफळ लागतं. बायोगॅस किंवा कंपोस्टचा प्लांट असेल तर ओल्या कचऱ्याचा वाटा आणि तो किती शुद्ध मिळतो ते लागतं. कचरा कुजून निघणाऱ्या मिथेन वायूचा राष्ट्रीय हिशोब करायचा असेल तर अन्न, कागद, लाकूड, कापड असे वेगवेगळे वाटे आणि डेपो किती खोल, किती जुना हेही लागतं. प्लास्टिकवर उत्पादकांची जबाबदारी ठरवायची असेल तर नुसतं "प्लास्टिक १० टक्के" लिहून भागत नाही, बाटली वेगळी, दुधाची पिशवी वेगळी, वेफर्सचं चमकतं पाकीट वेगळं मोजावं लागतं. सगळं मोजायला गेलात तर काहीच नीट मोजून होत नाही, हे माझं ठाम मत आहे. दोन-तीन निर्णय पकडा आणि त्यांना लागणारंच मोजा.

कुठला कचरा धरायचा आणि कुठे उभं राहून मोजायचा

तयार झालेला कचरा, उचललेला कचरा, प्लांटच्या गेटवर आलेला कचरा आणि खरोखर प्रक्रिया झालेला कचरा, ही चार वेगवेगळी संख्या आहेत आणि आपल्याकडच्या बऱ्याच रिपोर्टमध्ये ती एकमेकांच्या जागी बसवलेली असतात. प्लांटच्या गेटवर ५० टन आले म्हणून "५० टन प्रक्रिया" लिहितात, पण त्यातले १५ टन रिजेक्ट म्हणून मागच्या दाराने परत डेपोवर गेलेले असतात. त्यामुळे एका मोठ्या कागदावर शहराचा नकाशा नाही तर कचऱ्याचा रस्ता काढा, घर, दुकान, मंडई, हॉटेल, तिथून घंटागाडी, तिथून ट्रान्सफर स्टेशन (छोट्या गाड्यांतला कचरा मोठ्या गाडीत भरायची जागा), तिथून प्लांट, प्लांटमधून खत, रिजेक्ट, सुका माल. प्रत्येक बाणावर लिहा की इथे काटा आहे का. एकच कचरा ट्रान्सफर स्टेशनवर आणि परत प्लांटवर असा दोनदा बेरजेत येतो का, तेही ह्याच कागदावर दिसतं.

राडारोडा, नाल्यातला गाळ, झाडांच्या फांद्या, दवाखान्यांचा कचरा, ई-कचरा हे वेगळे ठेवा. ह्यातल्या बऱ्याच गोष्टींना स्वतंत्र नियम आणि स्वतंत्र रिपोर्ट आहेत. राडारोडा जर घरगुती कचऱ्यात मिसळून काट्यावर गेला तर दोन ट्रकमध्ये अख्ख्या प्रभागाचा आकडा बिघडतो, कारण विटा-माती वजनाला भारी.

काटा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का बघा, नसेल तर बाकीचं काम नंतर. प्रत्येक गाडीचं रिकामं वजन कधी घेतलंय विचारा, कारण रिकामं वजन एकदा सिस्टीममध्ये टाकलं की तेच वर्षानुवर्षं चालतं, मधे गाडीला नवीन हायड्रॉलिक बसवलेलं असतं, पत्रा बदललेला असतं, पावसाळ्यात तळाशी चिखल घट्ट बसलेला असतो. महिन्यातून एकदा तरी सगळ्या गाड्यांचं रिकामं वजन परत घ्या. ड्रायव्हर आणि हेल्पर भरलेल्या फेरीला गाडीत बसलेले आणि रिकाम्या फेरीला उतरलेले असं होत असेल तर फेरीमागे १००-१५० किलोचा फरक पडतो, आणि दिवसाला १०० फेऱ्या असतील तर १० ते १५ टन हवेतून तयार होतात.

पावतीवर किमान एवढं हवं: तारीख, वेळ, गाडी नंबर, प्रभाग, ओला-सुका-मिश्र, भरलेलं वजन, रिकामं वजन. प्रभाग लिहिलेला नसेल तर ती पावती नियोजनाला जवळपास निरुपयोगी आहे, मुकादमाला हे समजावून सांगा, तो वैतागेल पण लिहील.

आणि हे स्पष्ट बोलायला हवं की जिथे ठेकेदाराचं बिल टनावर निघतं तिथे वजन वाढवण्यात कुणाचा तरी फायदा आहे. माती मिसळणं, ओला कचरा पाणी मारून आणणं, एकच गाडी दोनदा काट्यावरून नेणं हे होऊ शकतं. ह्यावर उपाय म्हणजे न सांगता काही फेऱ्या दुसऱ्या काट्यावर परत तोलणं, आणि काट्याचे आकडे डिझेलच्या नोंदी, जीपीएसवरच्या फेऱ्या ह्यांच्याशी ताडून बघणं. पैसे ज्या आकड्यावर निघतात तो आकडा आणि धोरणासाठी जो आकडा वापरायचा तो, दोन्ही एकाच माणसाच्या हातात ठेवू नका.

काटा नाहीच आहे, जे बऱ्याच छोट्या नगरपंचायतींत असतं, तर काय? जवळच्या साखर कारखान्याचा, बाजार समितीचा किंवा खासगी धर्मकाटा आठवडाभर वापरायची परवानगी घ्या. प्रत्येक प्रकारच्या गाडीच्या, छोटा हत्ती वेगळा, ट्रॅक्टर ट्रॉली वेगळी, सलग सात दिवसांच्या फेऱ्या तोला, सरासरी काढा आणि पुढे फेऱ्या मोजून गुणा. हे वर्षातून तीनदा तरी करा: उन्हाळ्यात आंब्याच्या कोयी-साली आणि कलिंगडं असतात, पावसाळ्यात पाण्याचं वजन असतं, गणपती-दिवाळीत निर्माल्य, थर्माकोल, खोकी. नुसत्या जानेवारीतल्या सात दिवसांवर वर्षाचा आकडा लिहू नका.

घरातून मोजणी

काट्यावर फक्त उचललेला कचरा दिसतो. तयार झालेला बघायचा तर घरात जावं लागतं. यूएन-हॅबिटॅट ह्या संयुक्त राष्ट्रांच्या शहरांवर काम करणाऱ्या संस्थेचं वेस्ट वाइज सिटीज टूल म्हणून एक पद्धत आहे, २०२१ मध्ये आलेली, शाश्वत विकास ध्येयांतल्या ११.६.१ ह्या निर्देशांकासाठी (शहराचा किती कचरा उचलला आणि नीट हाताळला जातो ते मोजणारा), आणि ती आपल्याकडे सहज करता येते. कमी, मध्यम आणि जास्त उत्पन्नाच्या वस्त्यांतून प्रत्येकी ३० अशी ९० घरं घ्यायची, आठ दिवस रोज पिशवी गोळा करायची, पहिल्या दिवसाचा कचरा टाकून द्यायचा कारण त्यात आधीचा साठलेला असतो, उरलेले सात दिवस तोलायचे. सात दिवस म्हणजे रविवारचं मटण-मासे पण आलं आणि सोमवारची साफसफाई पण.

काही गोष्टी मात्र कुठल्याच मॅन्युअलमध्ये नीट मिळत नाहीत. पिशव्या तुम्ही द्या आणि त्यावर फक्त घराचा कोड लिहा, नाव नको. घरात त्या आठवड्यात किती माणसं जेवली ते रोज विचारा, रेशनकार्डावरची संख्या घेऊ नका, पाहुणे आलेले असतात, पोरगा हॉस्टेलला गेलेला असतो. रद्दी आणि दुधाच्या पिशव्या बाजूला ठेवता का, उष्टं-खरकटं गाईला किंवा कुत्र्याला घालता का, हे विचारा आणि वेगळं नोंदवा, कारण हा कचरा तयार होतो पण पिशवीत येत नाही. सॅनिटरी पॅडबद्दल बाईनेच बाईला विचारलेलं बरं. पिशवी घ्यायला जी माणसं जाणार त्यांना ग्लोव्हज, बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रोजचे पैसे रोज द्या.

आता हिशोब. समजा ८० हजारांचं गाव आहे, निम्मी माणसं कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत, ३५ टक्के मध्यम, १५ टक्के वरच्या. मोजणीत दरडोई २५०, ३२० आणि ४५० ग्रॅम निघाले. बरेच जण तिन्हींची सरळ सरासरी काढतात, ३४० ग्रॅम, आणि गुणून २७.२ टन लिहितात. चूक आहे. प्रत्येक आकडा त्या वस्तीतल्या माणसांच्या टक्केवारीने गुणून मग बेरीज करायची: १२५ अधिक ११२ अधिक ६७.५, म्हणजे ३०४.५ ग्रॅम, आणि गावाचे २४.३६ टन. रोजचा फरक पावणेतीन टनांच्या वर, वर्षाचा हजार टनांच्या वर, तोही एकाच छोट्या गावात.

ह्यात दुकानं, मंडई, मंगल कार्यालयं, शाळा, एसटी स्टँड धरलेलेच नाहीत. ते शक्यतो थेट तोला, मंडई आणि मंगल कार्यालयं तरी नक्कीच. अगदीच आकडे नसतील तर एकूण शहरी कचऱ्यातला ३० टक्के वाटा घराबाहेरचा धरायची सोय त्याच यूएनच्या पद्धतीत आहे, पण मग शेजारी "अंदाज" असं लिहा. आणि लक्षात ठेवा, २४.३६ मध्ये ३० टक्के मिळवायचे नाहीत, ०.७ ने भागायचं, म्हणजे साधारण ३४.८ टन येतात.

पंढरपूर, शिर्डी, तुळजापूर, महाबळेश्वर, गोव्यातला किनारी पट्टा अशा ठिकाणी स्थानिक लोकसंख्येवर गुणाकार करणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. तिथे लॉज, मठ-धर्मशाळा, भक्तनिवासांची खोल्यांची नोंद घ्या, वारीच्या किंवा सीझनच्या आठवड्यात वेगळी मोजणी करा आणि रिपोर्टमध्ये दोन आकडे द्या.

कचऱ्यात काय आहे

ताडपत्री टाका, वेगवेगळ्या वस्त्यांतल्या गाड्यांमधून घेतलेला कचरा त्यावर ओता, फावड्याने नीट मिसळा, गोल ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन फेका, उरलेले दोन परत मिसळा, असं करत करत साधारण १०० किलो उरेपर्यंत या. मग वेगवेगळ्या टोपल्यांत वेचा आणि तोला. टोपल्या किती ते तुमच्या निर्णयावर, पण अन्न, बागेचा कचरा, कागद-पुठ्ठा, घट्ट प्लास्टिक, पातळ प्लास्टिक, धातू, काच, कापड-चामडं, सॅनिटरी, माती-राख आणि इतर एवढं हवंच. पावसात करू नका, किंवा शेडखाली करा. ओलावा काढायचा तर छोटा नमुना घट्ट बंद पिशवीत त्याच दिवशी लॅबला द्या, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवतात. इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये हे होतं.

नमुना कुठून घेतला ते ठळक लिहा. घरातल्या कचऱ्यात पुठ्ठा आणि बाटल्या दिसतात, डेपोवरच्या कचऱ्यात दिसत नाहीत, कारण मधे कचरावेचकांचे हात लागलेले असतात.

भंगार आणि कचरावेचक

रिसायकल होणाऱ्या मालाचा मोठा भाग सरकारी काट्यावर येतच नाही, तो कचरावेचक, फेरीवाला, छोटं भंगाराचं दुकान, मोठा व्यापारी आणि कारखाना ह्या रस्त्याने जातो. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे आणि २००८ पासून स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार जाऊन कचरा घेते, अशा ठिकाणी संघटनेला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, प्रश्नावली त्यांच्याबरोबर बसून बनवा. जिथे संघटना नाही तिथे विश्वास कमवायला वेळ जातो आणि तो द्यावाच लागतो. भंगारवाल्याला वाटतं जीएसटीवाले आले किंवा दुकान उठवायला आले. त्यामुळे कमाई विचारू नका, भाव विचारू नका, नाव लिहू नका. फक्त आठवड्याला कुठला माल किती किलो आणि पुढे कुठे जातो.

एकच किलो पुठ्ठा चार हातांतून विकला जातो. चारही ठिकाणी विचारून बेरीज केली तर एका किलोचे चार किलो होतात. म्हणून एक टप्पा पकडा, शक्यतो शहराबाहेर माल पाठवणारे मोठे व्यापारी, आणि त्यांच्या मालातला बाहेरगावाहून किंवा कारखान्यातून आलेला वाटा वजा करा. कचरावेचकांशी बोलणं तरीही हवंच, कारण कुठला माल आता कुणीच घेत नाही हे त्यांना आधी कळतं, आणि त्यांच्या कामाची नोंदच धोरणात नसेल तर नवीन प्लांट येतो तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच गेटबाहेर काढलं जातं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तुमच्या आकड्याच्या एका कॉलमवर बऱ्याच घरांची चूल असते.

जे उचललं जात नाही ते

खेड्यात आणि शहराच्या कडेला कचरा उकिरड्यावर जातो, परसात पुरतात, ओढ्यात टाकतात, संध्याकाळी पेटवतात. ह्याला पावती नाही. इथे ठरावीक रस्ते निवडा, ठरावीक वेळेला चाला, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही, आणि ढीग, जाळल्याच्या खुणा, नाल्यातला कचरा मोबाईलवर लोकेशनसकट नोंदवा. घरांत विचारताना "तुम्ही जाळता का" असं विचारलं तर नाही म्हणतात. "गाडी आली नाही तर कचऱ्याचं काय करता" असं विचारा.

वर पाठवताना

२०१६ च्या घनकचरा नियमांनी साखळी अशी घालून दिली होती: प्लांट चालवणारा ३० एप्रिलपर्यंत स्थानिक संस्थेला फॉर्म तीन देतो, स्थानिक संस्था ३० जूनपर्यंत फॉर्म चार वर पाठवते, राज्य मंडळ ३१ जुलैपर्यंत फॉर्म पाच केंद्रीय मंडळाला देतं, आणि केंद्रीय मंडळ ३१ ऑगस्टपर्यंत देशाचा रिपोर्ट. नियम, फॉर्म, पोर्टल बदलत राहतात, पण ह्या प्रवासात आकड्याच्या मागची माहिती गळून पडते तो खरा रोग आहे. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत तीन गोष्टी चिकटवून पाठवा, फॉर्ममध्ये जागा नसेल तर वेगळं पान जोडा: काट्यावर मोजला की अंदाजे, कुठे उभं राहून मोजला, आणि कुठली लोकसंख्या कुठल्या वर्षाची धरली.

राज्याच्या टेबलावर बसलेल्यांसाठी तीन गोष्टी. ज्या नगरपालिकेने फॉर्म पाठवला नाही तिथे शून्य लिहू नका, रिकामं ठेवा, आणि गाळलेल्या किती ते वर लिहा, कारण शून्य बेरजेत शिरतं आणि राज्याचा कचरा कमी झाल्यासारखा दिसतो. दरडोई ग्रॅमची सरासरी काढू नका, टन बेरजेत घ्या आणि त्याच संस्थांच्या लोकसंख्येने शेवटी एकदाच भागा. आणि तयार झालेला वजा प्रक्रिया वजा लँडफिल वजा भंगार वजा न उचललेला, हा हिशोब प्रत्येक शहरासाठी करून बघा. तो अगदी शून्यावर येत असेल तर त्या शहराला आधी फोन करा, कारण मोजलेले आकडे इतके गोड जुळत नाहीत, कुणीतरी मागून जुळवलेत. तसंच १०० टक्के संकलन, १०० टक्के वर्गीकरण लिहिलेलं असेल तर काट्याच्या पावत्यांची एक आठवड्याची प्रत मागवा. शहरांच्या स्वच्छतेच्या रँकिंगचं दडपण असतं हे खरं आहे, पण १०० टक्के लिहिणाऱ्या शहराला पुढच्या वर्षी नवीन गाड्या कशाच्या आधारावर मागता येणार?

कच्चा डेटा फेकू नका. पावत्यांचे फोटो, घरांच्या मोजणीची एक्सेल, टोपल्यांची वजनं सगळं प्रभागवार, नावं काढून, नगरपालिकेच्या वेबसाईटवर टाका, आणि मोजणीची पद्धत दोन पानांत मराठीत लिहून त्याच्या शेजारी ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी बदली होऊन आलेला निरीक्षक त्याच वस्त्यांत, त्याच महिन्यांत, त्याच टोपल्या घेऊन परत मोजेल आणि दोन वर्षांची तुलना करता येईल.